भट्टीमागचं जनावर

तीर्थरूप दादांना साष्टांग नमस्कार. (हल्ली लोटांगण घालण्याआधी मी जमीन नीट बघून घेतो. कारण पुढे येईलच.) तुमची तब्येत ठणठणीत असेल, वहिनींचा गुडघा कुरकुरत नसेल आणि तिथल्या उकाड्यात निदान पहाटे तरी डोळा लागत असेल, अशी आशा करतो.

लग्न ठरताना तुमच्या बहिणीची एकच अट होती, गावात साप नकोत. तुम्ही पडलात सर्पाभ्यासक. डोंगरावरच्या थंडीत साप टिकत नाहीत, असं तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत आणि त्या भरवशावर ती माझ्या बेकरीत आली. (माझ्यातही काही बघितलं असेल, अशी माझी समजूत होती. असो.)

परवा मी बाजारात असताना तिचा फोन आला, "भट्टीमागे जनावर आहे, लवकर या." तुमच्या घरी सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, इथे कधी वेळच आली नव्हती. मला वाटलं, शेजाऱ्यांची गाय शिरली. मी गुरांच्या डॉक्टरांनाच स्कूटरवर घालून आणलं. ते दोर आणि चाऱ्याची पेंडी घेऊन लाडीगोडी लावत भट्टीमागे गेले आणि ज्या वेगाने बाहेर आले, तो वेग त्यांना या वयात पुन्हा साधणार नाही. धामण होती. चांगली लांबलचक, बिनविषारी, उंदीर गिळून सुस्तावलेली.

तुमच्या बहिणीने बॅग भरली. दादाने फसवलं, म्हणाली. मी तुमची बाजू घेतली. तेव्हा खरंच नळात पाणी गोठायचं, आता स्वेटर पेटीबाहेर निघत नाहीत. खाली उकाडा सोसवेना म्हणून ही जनावरं वर सरकताहेत, असं काकुळतीला येऊन सांगितलं. बॅगेची चेन हातात धरून तिने भट्टीकडे बघितलं.

"म्हणजे माहेरी राहवेना म्हणून आलीय," ती म्हणाली. "मग तिला परत कुठे धाडायची?"

पण बॅग अजून दाराशीच आहे. दादा, ती गेली तर मी मोडून पडेन. तिला धीराचं एक पत्र लिहा.

आपला पिठाने माखलेला
जावई

ता. क. : पत्र लिहू नका. हे पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्या दिवसांत पिठाची पोती कुरतडलेली दिसेनात, तशी बॅग रिकामी झाली. आता भट्टीपाशी मलाच हळू बोलावं लागतं.

आणखी ता. क. : ती रिकामी बॅग तुम्हाला पाठवतोय. कल्पना तिचीच. कुठलं जनावर कधी वर सरकेल याचे नकाशे तुम्ही रंगवता आणि स्वतः मात्र ओला टॉवेल पांघरून तिथेच झोपता. थंडीने वहिनींचा गुडघा धरतो, ही सबब आता चालणार नाही. कायमचेच या. मागची खोली झाडून ठेवली आहे. फक्त भट्टीमागची जागा मागू नका, ती दिलेली आहे.