पासष्ट हजार पाचशे सत्त्याहत्तर

३ जून
पहिला दिवस झकास! दवाखान्याच्या संगणक खोलीत मी एकटीच राणी. खिडकीशी टेबल, फिरती खुर्ची, पलीकडे नोंदणीवाल्या मावशी. आल्याआल्या म्हणाल्या, आधीचे तिघे टिकले नाहीत, तू तरी टिक. वहिनीला नववा लागलाय. बाळंतपण इथेच करायचं दादाने ठरवलं.

५ जून
जुना प्रोग्रॅम वाचला. भरती होणाऱ्याचा क्रमांक दोन बाइटच्या पूर्णांकात ठेवलाय. त्यात ६५,५३५ पर्यंतच मावतं. पुढे मोजणी मुकाट्याने शून्यावर येते. आपण ६५,५१० वर आहोत. चार बाइट करायला दुपारभर यंत्रणा बंद ठेवावी लागेल. मोठे डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू.

८ जून
मोजणी उलटली. शून्याची नोंद कोरीच होती, म्हणून निभावलं. क्रमांक १ गेला तापाने आलेल्या मास्तरांना. पडद्यावर कुणा जुन्या गवंड्याची माहिती उघडली. मी हाताने बदलली. संध्याकाळी मास्तर पलंगाची कड धरून ओरडत होते, परांची हलतेय, मला उतरवा.

१० जून
मास्तर गेले. पलंगावरच. मान मोडलेली, दोन्ही पाय मोडलेले.
मावशींनी पहिलं रजिस्टर काढलं. क्रमांक १: गवंडी, परांचीवरून पडून मृत्यू.
क्रमांक ५ ठणठणीत घरी गेला. जुना पाचही बरा झाला होता.
१७ नंबरची शिंपीण पोटदुखीने आलेली. आज तिच्या छातीतून तळ्याचं पाणी निघालं, शेवाळासकट. जुनी १७ बुडून मेली होती.

१२ जून, दुपार
कुणाला न विचारता यंत्रणा बंद केली. आता चार बाइट, मोजणीही ६५,५३५ च्या पुढे जोडून घेतली. चारशे कोटींच्या वर मावतील. मोठे डॉक्टर ओरडले. ओरडू देत.
दादाचा फोन. वहिनीला कळा सुरू झाल्यात.

पाच वाजता
वहिनीचा क्रमांक ६५,५७७. डोळ्यांनी पाहिला. जीव भांड्यात पडला.

५.४०
तिच्या मनगटावरच्या पट्टीवर ४१ छापलंय. पट्टी छापणारं यंत्र अजून दोन बाइटचंच— माझ्या ध्यानातच आलं नाही—
कात्रीने कापली. पेनाने पूर्ण आकडा लिहून नवी बांधली. मावशी रजिस्टर शोधताहेत.

६.०५
वहिनी म्हणाली, "अगं, खिडकी उघड ना, केवढा धूर झालाय!"
धूर नाहीये. खिडकी उघडीच आहे.
दादाला म्हटलं, तिचा हात सोडू नकोस. तो म्हणतो, हात पोळतोय.

६.१०
बाहेर बाकावर बसलेय. मावशींनी रजिस्टर माझ्या मांडीवर ठेवलं.
४१: बाळंतीण. स्टोव्ह भडकून—
खाली ४२. तिची नणंद. वाचवायला गेली होती.
दादा आतून हाका मारतोय. दाराची कडी तापलीय. तरी मी—