नुसतं ‘ह’ चालत नाही

तीर्थरूप आत्यास,

बोक्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? चष्म्याची दांडी बसवून घेतलीस, की अजून दोऱ्यानंच बांधलेली आहे? इकडे माझं सगळं ठीक आहे (वजन सोडून, ते ठीकच्या बरंच पुढे गेलंय). पत्र पाहून घाबरू नकोस. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर त्या रविवारी मी फोन करून ‘आत्या’ अशी हाक मारली, तेव्हा तू विचारलंस, “कोण बोलतंय?” तू, जिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी आवाज ओळखण्यात घालवली, आणि मी नुसता खोकलो तरी जी ‘बोक्या, स्वेटर घाल’ म्हणायची. मी नाव सांगितल्यावर तू हसलीस, मीही हसलो, पण फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. लाइन खराब असणार, असं मी धरून चाललोय. कागदावर निदान खरखर नसते, म्हणून हे पत्र.

तर मधल्या काळात मी ज्या भानगडीत अडकलो होतो ती सांगतो. वाऱ्यानं पूल किती हलेल याची गणितं आमच्या ऑफिसात होतात, हे तुला माहीत आहे (तू सगळ्यांना ‘आमचा बोक्या पूल हलवतो’ असं सांगतेस, तेही मला ठाऊक आहे). ही गणितं टेबलावरच्या संगणकाला झेपत नाहीत. त्यासाठी पुष्कळ संगणक एकमेकांना जोडून भाड्यानं घेतलेले असतात, त्याला क्लस्टर म्हणतात. तो असतो क्लाउडमध्ये, म्हणजे ढगात, म्हणजे नक्की कुठं, ते भाडं भरणाऱ्या साहेबांनाही सांगता येत नाही. ऑफिसात बसून त्यात शिरणं सोपं आहे. मला ऑफिसाबाहेरून शिरायचं होतं (का, ते मागाहून), आणि बाहेरून शिरायला किल्ली लागते. ही किल्ली म्हणजे अगम्य अक्षरांची एक फाइल. तिचे दोन भाग. खासगी भाग जिवापाड जपायचा, सख्ख्या भावालाही दाखवायचा नाही. सार्वजनिक भाग क्लस्टर सांभाळणाऱ्या बाईंना द्यायचा (आम्ही त्यांना किल्लेदार म्हणतो). त्या तो पलीकडे बसवतात, दोन्ही भाग जुळले की दार उघडतं. आता यात चुकण्यासारखं काही आहे का? मी खासगी भाग पाठवला. आणि तोही बाईंना नव्हे, अख्ख्या ऑफिसला.

किल्लेदारबाई माझ्या टेबलापाशी आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अगदी शांतपणे त्यांनी सांगितलं की घराची किल्ली कोणी नोटीस बोर्डावर टांगत नाही, तेव्हा ही जोडी फेकून नवी करायची. आमचे हिशेबनीस त्या दिवसापासून चहाच्या मशीनपाशी भेटले की ‘तुमची किल्ली पोचली बरं का’ म्हणतात. नवी जोडी केली, या खेपेला योग्य भाग योग्य माणसाला दिला, आणि घरी येऊन बसलो, तर माझाच संगणक अडून बसला. म्हणे, ही फाइल इथं बसणाऱ्या कोणालाही वाचता येते, म्हणून ही किल्ली मी मानत नाही. आत्या, माझ्या खोलीत माझ्याखेरीज कोण आहे? खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला शर्ट आहे, एका माणसापुरतं पातेलं आहे आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे. वाचणार कोण? पण त्याला पटेना. शेवटी बाईंच्या सांगण्यावरून ती फाइल माझ्याखेरीज सगळ्यांना बंद केली, आणि दार उघडलं. त्या शुक्रवारी मी इतका खुशीत होतो, की ही बातमी तुला सांगायला म्हणूनच मी रविवारी फोन केला होता.

सोमवारी पुन्हा बसलो तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत बोंबाबोंब. या यंत्राची ओळख बदलली आहे, कोणी सोंग घेऊन तुम्हाला फसवत असण्याची शक्यता आहे. नाव तेच, पत्ता तोच, शुक्रवारी ज्याच्याशी बोललो तेच हे, आणि आता म्हणे ओळख नाही. (खरं सांगतो, आदल्याच दिवशी तुझ्याशी तो फोन झालेला, त्यामुळे मी त्या पडद्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत बसलो.) बाईंना विचारलं तर कळलं, की भाडं वाचावं म्हणून क्लस्टर शनिवारी मोडतात आणि सोमवारी नव्यानं उभा करतात. त्याला शुक्रवारचं काही आठवत नसतं.

“मग मी काय करायचं?” मी विचारलं.

“नव्यानं ओळख करून घ्यायची,” बाई म्हणाल्या. “रागवायचं नाही. त्याची काही चूक नसते.”

मग त्यांनी नव्या यंत्राची खूण फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवली आणि मी ती पडद्याशी जुळवत गेलो (तू एक्स्चेंजवर लोकांकडून नंबर परत म्हणवून घ्यायचीस, तसं). सगळं जुळलं. तरी यंत्र विचारतं, पुढं जायचं, नक्की ना? मी घाईत नुसतं ‘ह’ लिहिलं (लिहिलं इंग्रजीत, पण अर्थ तोच). चालत नाही. पूर्ण ‘हो’ लिहा म्हणालं. लिहिलं, आणि आत गेलो.

बाकी विशेष काही नाही. लोभ आहेच, तो असावा म्हणून वेगळं लिहीत नाही.

तुझा,
बोक्या (पूल हलवणारा)

ता. क. फोनची लाइन तपासून घेतली. कंपनीचा माणूस म्हणाला, काही बिघाड नाही, आवाज स्वच्छ जातो. त्याला काय कळतंय.

ता. क. तुझ्या शेजारच्या शिंपीकाकांशी बोललो. तू हल्ली दूध गॅसवर ठेवून विसरतेस आणि त्यांना माझ्या बाबांच्या नावानं हाक मारतेस, असं त्यांच्याकडून कळलं. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं.

ता. क. बाहेरून शिरायचं होतं ते एवढ्याचसाठी. साहेब म्हणाले, तुला क्लस्टरमध्ये शिरता येत असेल तर तू कुठं बसून पूल हलवतोस याच्याशी मला देणंघेणं नाही. आता शिरता येतं. तुझ्या मागच्या खोलीत ते आखूड पायाचं टेबल आहे ना, त्या पायाखाली मी शाळेत असताना घातलेला पुठ्ठा अजून असेल. तिथं बसलं की तू स्वयंपाकघरात स्वतःशीच नंबर पुटपुटायचीस ते ऐकू यायचं. त्या आवाजाची मला फार आठवण येते गं. मी येऊ का? चार दिवसांसाठी नाही, राहायलाच. दारात तू ‘कोण?’ म्हणून विचारशील, मी सांगेन. दर सोमवारी विचार, दर सोमवारी सांगेन. फक्त उत्तर लगेच पाठव, आणि पूर्ण लिही. नुसतं ‘ह’ चालणार नाही.