नातवाच्या कमरेच्या पिस्तुलाबाबत दुसरा अर्ज

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. कमांडिंग ऑफिसर साहेब,
सार्जंट शिव सबनीस यांची तुकडी,
लष्करी तळ, व्हर्जिनिया.

विषय : सार्जंट शिव अरुण सबनीस (वय २६) हे रजेच्या दिवशी तळाबाहेर, साध्या कपड्यांत, कमरेला उघडे पिस्तूल लावून घरी व चारचौघांत वावरत असल्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ९ जूनचा अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे दि. २७ जूनचे दोन ओळींचे उत्तर.

महोदय,

मी खाली सही करणारी, नीलांबरी दिगंबर सबनीस, वय ७४, पंचायत समितीच्या आवक-जावक टेबलावर तेहतीस वर्षे काढून निवृत्त झालेली, सध्या मुलगा अरुण व सून रुचा यांच्याकडे राहते. शिव हा माझा नातू. माझा पहिला अर्ज चार पानी होता. नात अनिकाने इंग्रजीत उतरवताना त्याच्या सहा ओळी केल्या, आणि त्या सहा ओळींना आपण दोन ओळींत वाटेला लावलेत : पिस्तूल खासगी आहे, वेळ ड्यूटीची नाही, सबब विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. काउंटीच्या पोलिसांना विचारले, तर कायदा मोडलेला नाही म्हणाले. वसाहतीच्या समितीला लिहिले. त्यांच्या नियमावलीत तुळशीच्या कुंडीची उंची आहे, पापड कुठे वाळवू नयेत तेही आहे, पिस्तुलाबद्दल अवाक्षर नाही. या बोटावरची थुंकी त्या बोटावर करण्याचे काम मी स्वतः तेहतीस वर्षे पाहिले असल्याने ते मला लांबूनही ओळखू येते.

सार्जंट सबनीस मार्च महिन्यात परदेशातल्या नेमणुकीवरून परत आले. तेव्हापासून ते पिस्तूल कमरेला आहे. आमच्या घरात बूट दाराशी काढतात. तो बूट काढतो, जोडीने नीट लावून ठेवतो, आणि पिस्तुलासकट आत येतो. घडलेले प्रकार असे :

१) इंडियन ग्रोसरीत तो माझ्यासोबत भेंडी निवडायला येतो. आम्ही आलो की बिलाची रांग आपोआप बाजूला होते आणि दुकानदार कोथिंबिरीची जुडी फुकट देतो. मी जन्मात कधी रांग मोडलेली नाही. मला ती जुडी घशाखाली उतरत नाही.

२) चैत्रात रुचाने हळदीकुंकू ठेवले. बावीस जणी आल्या. शिव बिचारा ट्रे घेऊन पन्हे द्यायला बाहेर आला. पाच जणी थांबल्या. सतरा जणींची ओटी सुनेने ड्राइव्हवेत, चालू गाडीच्या खिडकीतून भरली.

३) न्यू जर्सीतल्या आयसेलिनहून एक स्थळ आले होते. मुलीचे वडील दोन तास सोफ्याच्या कडेवर बसले. पत्रिका नको, हुंडा-मानपानाचा प्रश्नच नाही, मुलगा पसंत आहे, असे सगळ्याला हो म्हणाले. घरी पोहोचल्यावर फोनवरून नकार कळवला.

त्याला बोलायला गेले की उत्तर ठरलेले : "आजी, इट्स लीगल." मला संताप येत असे. अंगात मिजास शिरली आहे, असे मी सात महिने समजत होते, आणि नातेवाइकांतही तसेच सांगत होते. हे मी आता माझ्याविरुद्ध नोंदवून ठेवते.

गेल्या बुधवारी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्यात हत्यारांची व अवजारांची पूजा करतात. कार्यालयात असताना आम्ही टाइपरायटर मांडत असू. शिव रजेवर घरी होता. मी त्याला म्हटले, खरे हत्यार तुझ्याकडेच आहे, ते पाटावर ठेव. त्याला आनंद झाला. त्याने गोळ्या काढल्या, रिकामे असल्याची दोनदा खात्री केली आणि स्वतः ठेवले. मी हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले. पूजेत मांडलेले हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत कोणी उचलत नाही, हा नियम मात्र मी त्याला फूल वाहून झाल्यावर सांगितला. एक दिवस तरी घर मोकळा श्वास घेईल, असा माझा कावा होता.

तो जिन्याच्या खालच्या पायरीवर दाराकडे तोंड करून बसला. जेवायला उठला नाही. अनिकाच्या हातून वाटी पडली, तर हा जमिनीवर आडवा. दुपारी कुरियरवाल्याने बेल वाजवली तेव्हा तो आम्हा सगळ्यांच्या पुढे जाऊन हात पसरून उभा राहिला. हात रिकामे होते. तीन वाजता देवघराशी आला. त्याचे शब्द जसेच्या तसे देते : "आजी, प्लीज, मला ते परत दे. कोणीतरी दार बघायला पाहिजे." मी म्हटले, मी बघते. तर म्हणाला, "तुझी ड्यूटी नाहीये, आजी. रिलीफ आल्याशिवाय पोस्ट सोडता येत नाही. ऑर्डर लागते." (रिलीफ म्हणजे पहारा बदलायला येणारा माणूस, असे अनिकाने सांगितले.) तो रडत होता. सव्वीस वर्षांचा, सहा फूट उंच मुलगा.

मी पूजा मोडली. कुंकू पदराने पुसले आणि या हातांनी ते पिस्तूल त्याला दिले. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

महोदय, तो घाबरलेला आहे. आपल्या दोन ओळींत हे नव्हते, माझ्या चार पानांतही नव्हते. आपण त्याला पहाऱ्यावर उभे केलेत आणि उतरवायचे विसरलात. हा विषय आपल्या कक्षेत येत नसेल, तर मग कोणाच्या कक्षेत येतो, ते तरी कळवावे.

सबब पहिल्या अर्जातील बंदीची मागणी मी मागे घेते. तिच्याऐवजी दोन विनंत्या. पहिली, त्याला या दुखण्याच्या चांगल्या डॉक्टरकडे पाठवण्याचा हुकूम द्यावा. आमच्या सांगण्याने तो जात नाही, हुकूम म्हटले की उठतो. दुसरी, दर रविवारी दुपारी बारा ते दोन या वेळेत आमच्या घराच्या पुढच्या दारावरील पहारा अर्जदाराकडे सोपवल्याचा लेखी आदेश काढावा व त्याची प्रत सार्जंट सबनीस यांना द्यावी. तेवढा वेळ पिस्तूल कुलपात राहील आणि तो दाराकडे पाठ करून पोटभर जेवेल. माझे दोन्ही मोतीबिंदू काढलेले आहेत, ऐकू स्वच्छ येते, गुडघे दुखतात, पण हे काम बसून करायचे आहे. मला हत्यार नको. खुर्ची घरची आहे.

काल रविवारी मी आदेशाविना बसून पाहिले. तो चार घास जेवला, उठला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "आजी, तू जा, जेवून घे. मी आहे." मी उठले नाही, तोही हलला नाही. परिणामी काल घरात दोन माणसे उपाशी राहिली. तरी आदेश येत्या रविवारपूर्वी मिळावा.

आपली नम्र व दाराशी बसलेली,
(सही)
नीलांबरी दिगंबर सबनीस

सोबत : १) मोतीबिंदू शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र. २) श्रवण तपासणीचा अहवाल. ३) इंग्रजी भाषांतर, अनिका सबनीस (या वेळी एकही ओळ गाळलेली नाही).