पुसलेल्या रेघेचा आउट

सर, गुडघा आता दुखत नसेल ना? बाईंचा खोकला थांबला का? आणि ग्राउंडवरचे बॉल पळवणारी ती लंगडी कुत्री? तीही तिकडंच असेल, तुमच्या पायाशी.

इकडं परवा लातूरला पोरींची सॉफ्टबॉलची मॅच होती. प्लेटमागं अंपायर म्हणून मी उभी. दुपार होईतो बॅटरच्या चौकटीची फक्की पुसून गेलेली, नुसती तांबूस माती. अशा मातीकडं बघत राहिलं की मला नांदेडचं आपलं ग्राउंड दिसायला लागतं. तुम्ही भोकं पाडलेल्या डब्यातून फक्की सांडत चालला आहात, आणि मागून आम्ही पोरी पायानं रेघा पुसतो. "पुसा, लई पुसा," तुम्ही हसता, "प्लेट तर हलत न्हाई ना? तिच्यावरनं रेघ कळते." पुढं अंपायरिंग शिकवताना मात्र माझ्यावर खेकसलात, "बॉलकडं काय बघून राहिलीस? बॅटला लागला की आवाज येतोच. तू पाय बघ! मारताना चौकटीबाहेर पडला की आउट!" सातवी शिकलेल्या मला तेवढंच पुस्तक.

तर शेवटचा डाव, बरोबरी, तिसऱ्या बेसवर एक पोरगी, आणि बॅटिंगला तिच्याच टीममधली तुमची नात. तिनं पळत पळतच बॉलला बॅट लावली. टक्! मी पाय बघितला. अख्खं पाऊल चौकटीबाहेर, टाचसुद्धा आत नाही. हात वर गेला. "आउट!"

"ओ मावशी, चष्मा घरी राहिला का?" मागून कुणीतरी ओरडलं. तुमची नात जवळ आली. "आत्या, रेघ कुठं हाय?"

मी प्लेटवरून अंदाज घेऊन बोट टेकवलं. "इथं."

ती बॅट उचलून बाहेर गेली. पुढं तिची टीम मॅच हरली. येताना एकाच एसटीत होतो, पण ती पुढच्या सीटवर बसली. लहानपणी माझ्याच मांडीवर झोपत नांदेडला यायची ही! त्या दिवसापासून फोन नाही. दाराची कडी वाजली की वाटतं, तीच आली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? तुमच्या त्या फक्कीच्या डब्यातच ठेवते. आउट बरोबर होता, त्याबद्दल मनात काही नाही. पण खरं सांगू? ती पळाली तेव्हा पाऊल थेट तुमच्यासारखं पडलं, पंजा जरासा बाहेर वळलेला. क्षणभर वाटलं, तुम्हीच पळताय, आणि मी तुम्हालाच आउट दिला.

ती रुसली आहे, तेवढं तिला स्वप्नात जाऊन समजवा. आणि मला लवकर लिहा, सर.