पिंपावरची चौथी ओळ

प्रिय दादा,

त्या सकाळी अंथरुणं झटकून झाली होती, पाणी तापत होतं, आणि मी गॅलरीतल्या कुंड्यांजवळचं निळं पिंप घासायला घेतलं. कारखान्यात पॉलिशचं रिकामं झालं म्हणून तूच आणून दिलेलं. त्यावरच्या कागदावर ह्यांनी कधीतरी भिंतीचा उरलेला रंग फासला होता. घासता घासता त्याचा पापुद्रा निघाला आणि खालची अक्षरं दिसली. एकेक लावत गेले. चार ओळी होत्या.

तीन मला पाठ होत्या. आगीपासून दूर ठेवा. झाकण घट्ट लावा. हात साबणाने धुवा. नवं पिंप आलं की तू सगळ्या पॉलिशवाल्यांना उभं करून त्या वाचून दाखवायचास, आणि हे घरी येऊन मला म्हणून दाखवायचे. हसायचे, म्हणायचे, मेहुणा वाचतो, मी ऐकतो, दोघांत मिळून एक शहाणा. चौथी ओळ त्यांनी कधी म्हटली नाही. बंद खोलीत वापरू नका, वाफेने फुफ्फुसांना कायमचा अपाय होतो.

अपाय हा शब्द आईच्या तोंडचा. उपायापेक्षा अपाय जास्त, म्हणायची. मला वाटायचं, पोट बिघडलं की तो अपाय. हे गेल्यावर वाचनालयात झाडलोट करता करता जुन्या वर्तमानपत्रांवर मी वाचायला शिकले, तिथल्याच बाईंकडून त्या दिवशी कोश मागून घेतला. त्यात लिहिलंय, इजा, नुकसान, नाश. खाली शब्द वापरून दाखवलाय: त्याने कधी कोणाला अपाय केला नाही. हे वाक्य मी ऐकलं होतं, दादा. हे गेले त्या दिवशी आमच्या दारात उभा राहून तू येणाऱ्या-जाणाऱ्याला ह्यांच्याबद्दल हेच सांगत होतास. म्हणजे शब्द तुला अडला नव्हता.

मग एकेक आठवत गेलं. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या कायम बंद. ह्यांचा खोकला तू बिडीवर ढकललास, ती तर त्यांनी लग्नाआधीच सोडलेली. पॉलिशच्या कामाला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी गुडघे दुखतात म्हणून तू पॅकिंगला बदली मागून घेतलीस. त्याच गुडघ्यांनी अजून तीन मजले चढून माझ्याकडे येतोस. त्यानंतरही पिंप आलं की वाचायला यायचास, पण दाराबाहेर उभा राहून. चौथी ओळ वाचली असतीस तर खिडक्या उघडाव्या लागल्या असत्या, काम मंदावलं असतं, मालक तुझ्यावर डाफरला असता. एवढंच ना?

तुला समोर बसवून विचारणार होते. पण तू समजूत काढली असतीस आणि मी ऐकलं असतं, लहानपणापासून तुझंच ऐकत आले. वहिनी म्हणेल, चार अक्षरं आली आणि हिला शिंगं फुटली. फुटू देत. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. पिंप घासलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्यात गेले आणि पॉलिशच्या खोलीतल्या नऊ जणांना चारही ओळी वाचून दाखवल्या.

तुझीच,
धाकटी