पाव इंचाची गोळी आणि सांगलीचे घर

मी, विजया जगन्नाथ आरवाडे, वय वर्षे एकोणपन्नास, व्यवसाय परिचारिका, मूळ राहणार सांगली, सध्या मुक्काम बनेद अल-गार, कुवेत, हे सर्व स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि तसा दाखला डॉ. प्रभाकर तुंगारे यांनी सोबत जोडला आहे. पोटातल्या गाठीने शरीर पोखरले, डोके नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. १९८२ साली मी एक मृत्युपत्र केले होते आणि त्यात माझ्या दिराविषयी चार बरे शब्द लिहिले होते. ते मृत्युपत्र रद्द समजावे, आणि ते चार शब्द सगळ्यात आधी.

कलम पहिले, किरकोळ वस्तूंचे. शिवणयंत्र फरवानियातले घड्याळजी यूसुफभाई यांच्या पत्नी बिल्कीस यांना द्यावे. रक्तदाब मोजायचे यंत्र मला माझ्या वॉर्डातल्या रत्नमालेला द्यायचे होते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकील सांगतात, म्हणून ते मी आजच तिच्या हातात दिले. माझी जाऊ शामला हिने १९८० च्या गणपतीत माझी हिरवी पैठणी दोन दिवसांसाठी म्हणून नेली. ती तिने ठेवून घ्यावी. परत मागत नाही, पण ती माझी आहे हे सर्वांना कळावे.

कलम दुसरे. बँकेतली सर्व शिल्लक आणि सर्व दागिने माझी एकुलती मुलगी कुसुम हिचे. ती पुण्यात शिकते.

कलम तिसरे. सांगलीचे घर. जागा मी विधवा झाल्यावर घेतली, बांधकाम माझ्या पगारातून झाले आणि सातबाऱ्यापासून वीजबिलापर्यंत सगळे माझ्या नावावर आहे. माझे दीर शत्रुघ्न आरवाडे तिथे आठ वर्षे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते आपले म्हणून दाखवतात. तर ते घर मी शत्रुघ्नलाच देत आहे. या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही मी त्यालाच नेमत आहे. वकिलांनी मला दोनदा विचारले, बाई, नक्की ना? नक्की. कारण पुढच्या दोन कलमांत आहे.

कलम चौथे. शत्रुघ्न हा माझ्या यजमानांचा धाकटा भाऊ. यजमान अहमदीला तेल कंपनीत उपकरणे दुरुस्त करीत. १९७३ साली त्यांनीच याला व्हिसा काढून इथे आणले आणि आमच्याच घरात ठेवले. वर्षभरात याने बाजारातून चोरून एक पिस्तूल मिळवले. परदेशी माणसाकडे असले काही सापडले तर आधी तुरुंग आणि मग परतीचे विमान, हे त्याला ठाऊक होते. पिस्तूल ०.२५ चे, म्हणजे पाव इंचाच्या गोळीचे. तळहातात मावे. पँटच्या खिशात घालून तो गावभर फिरे आणि कोणाला कळत नाही याचाच त्याला माज होता.

शुक्रवारी जेवणे झाली की त्याचा आणि यूसुफभाईंचा वाद ठरलेला. यूसुफभाई पूर्वी मुंबईत एका पेढीवर बंदूकधारी पहारेकरी होते. ते म्हणत, "गोळी मोठीच पायजे. अंगावर धावून येणारा मानूस जागच्या जागी थांबला पायजे. तुझी ही गोळी त्याला लागल्याचं घरी जाऊन कळेल." शत्रुघ्न म्हणे, "असल्या उन्हात कोट घालतंय कोण? शर्टाखाली अडतीसचं पिस्तूल लपत न्हाई. जे बरोबर नेता येत न्हाई ते घरात ठिवून काय पुजायचंय?" माझे यजमान हसत. "तुला मारायला येणारंय कोण रे? हितं उन्हाशिवाय कोण अंगावर येत न्हाई."

मी तेव्हा ऑपरेशन थिएटरला होते. गोळ्या लागलेली माणसे टेबलावर पाहिली होती, या तिघांपैकी कोणी पाहिली नव्हती. भोक केवढे आहे हे आम्ही कधी विचारले नाही. कुठे लागली, आत काय फुटले आणि किती वेळात आणला, एवढेच विचारीत असू. हे मला त्यांच्या वादात सांगता आले असते. पण मला कोणी विचारले नाही आणि मीही ताटे उचलीत राहिले.

शुक्रवार, दहा ऑक्टोबर १९७५. माझी ड्यूटी होती आणि यूसुफभाई आले नव्हते. पिस्तूल हातात कसे दडते हे शत्रुघ्न यजमानांना दाखवीत होता. गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असा त्याचा समज. एक गोळी नळीत आधीच चढलेली होती. यजमान चहाचा ट्रे घेऊन दारात आले आणि ती त्यांना डाव्या बरगडीखाली लागली. भोक हरभऱ्याएवढे. रक्त थोडेसेच. यजमान स्वतः म्हणाले, काही नाही झाले. आणि हा म्हणाला, पाव इंचाची आहे, चामडीत अडकली असेल. हे सगळे त्याने त्याच दिवशी माझे पाय धरून सांगितले आहे. मी मनचे काही लिहीत नाही.

त्याने मला रुग्णालयात फोन केला. "वैनी, काय काळजीचं न्हाई. बाल्कनीतला खिळा लागलाय दादाला." मी विचारले, खोल आहे का? "न्हाई वो. बारकं भोक हाय." मी म्हणाले, धुवा, पट्टी बांधा, पडून राहू द्या, मी ड्यूटी संपवून येते. आमच्या घरापासून रुग्णालय पायी दहा मिनिटांवर होते. तीन तास चाळीस मिनिटे माझा नवरा माझ्या सांगण्यावरून पडून राहिला.

मी पिशवी घेऊन निघाले होते तेव्हा स्ट्रेचर आले. एक्स-रेची फिल्म दिव्यासमोर लावली आणि मी तीत खिळा शोधत होते. दिसली गोळी. प्लीहा फुटून पोट रक्ताने भरले होते. टेबलावरच ते गेले. लागल्याबरोबर आणले असते तर जगले असते, असे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मला सांगितले. ती फिल्म मी जपून ठेवली आहे आणि या मृत्युपत्राला जोडली आहे.

पोलीस घरी आले तेव्हा शत्रुघ्न जिन्यात माझ्या पाया पडला. "वैनी, आईला दोनच पोरं. एक गेला, दुसऱ्याला तुरुंगात घालू नका." मी सासूबाईंचा विचार केला. पिस्तूल माझ्या यजमानांचे होते आणि पुसताना त्यांच्याच हातून उडाले, अशा अरबी कागदावर मी सही केली. ती जबानी खोटी आहे, हे मी आज लिहून देते. इथे या कागदाने मला अडचण आली तर येऊ दे, डॉक्टरांनी मला सहा महिने दिले आहेत, त्याच्या वर माझे कोणी काही करू शकत नाही.

इतके करून तो गप्प बसला असता तर मीही ही गोष्ट बरोबर नेली असती. पण सांगलीला गेल्यापासून तो दादाला शस्त्राचा नाद होता म्हणून सांगत सुटला. सासूबाई ते खरे मानून गेल्या. आता त्याच्याकडे परवान्याचे बत्तीसचे रिव्हॉल्व्हर आहे, तालमीतल्या पोरांना तो स्वसंरक्षणावर भाषणे देतो, अडतीसचा परवाना मिळत नाही म्हणून हळहळतो आणि पाव इंचाच्या गोळीने माणूस मरत नाही असे छातीठोक सांगतो. माझ्या नवऱ्याच्या तेराव्याचे जेवण जेवलेला माणूस हे सांगतो. गेल्या महिन्यात कुसुमचे पत्र आले. एका परीक्षेत ती घसरली होती. तिने लिहिले होते, "काका म्हणतात, माझा केअरलेसनेस बाबांकडून आलाय." ते पत्र वाचून मी हा कागद घेतला.

कलम पाचवे, अटींचे. घर हवे असेल तर शत्रुघ्नने माझ्या मृत्यूपासून सहा महिन्यांच्या आत हे मृत्युपत्र स्वतः सांगलीच्या न्यायालयात दाखल करावे. ते माझेच आहे आणि चौथे कलम खरे आहे, असे प्रतिज्ञेवर लिहून द्यावे. ज्या तालमीत तो भाषणे देतो तिथे उभे राहून चौथे कलम पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावे. शामला आणि कुसुम समोर असाव्यात. फिल्म सर्वांच्या हातातून फिरवावी आणि रिव्हॉल्व्हर व परवाना त्याच दिवशी पोलिसांत जमा करावा. यातले एकही चुकले तर घर कुसुमचे. मी त्याला चौदा वर्षे जवळून पाहते आहे, तो घर सोडणार नाही. त्याने त्या घरात खुशाल राहावे आणि रोज सकाळी फाटक उघडून ज्यांनी ते वाचन ऐकले त्यांना तोंड द्यावे. मी त्याला क्षमा केलेली नाही. मरताना केली असे कोणी सांगितले तर तो खोटे बोलतो आहे.

कलम सहावे. कुसुम, घर तुला का नाही असे तुझ्या मनात येईल. तुझ्या बाबांना निर्दोष म्हणायला मला तू नको आहेस, तो हवा आहे, आणि त्याला बोलते करायला माझ्याकडे दुसरे काही नाही.

तुला देण्याचे आणखी एक आहे. ते तुझेच होते आणि मी काढून घेतले. तू तेव्हा सात वर्षांची होतीस. त्या संध्याकाळी पोलीस वर यायच्या आधी तू माझा हात धरून म्हणालीस, "आई, काकांनी बाबांना गोळी मारली. मी बघितलं." मी तुझ्या तोंडात मारली. तू झोपली होतीस, तुला स्वप्न पडले, असे मी तुझ्याकडून दहा वेळा म्हणून घेतले. अकराव्या वेळी तू आपण होऊन म्हणालीस, आणि पुढे ते तुला खरेच वाटू लागले. तू झोपली नव्हतीस, बाळ. तू खरे बोलत होतीस.

हे सर्व वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही करीत आहे.

मुक्काम बनेद अल-गार, कुवेत
गुरुवार, दिनांक १२ नोव्हेंबर १९८७

सही: विजया जगन्नाथ आरवाडे

आमच्या समक्ष त्यांनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली:
१. डॉ. प्रभाकर तुंगारे
२. रत्नमाला हिंगमिरे, परिचारिका