गाडीशिवाय तीन दिवस

प्रिय दादा,

पैज मी जिंकले. हे आधीच सांगून टाकते, कारण वहिनी पत्र वाचायला लागल्या की तिसऱ्या ओळीला तू 'पुरे आता' म्हणणार, हे मला पाठ आहे. वहिनी, त्याचं ऐकू नका, वाचत राहा. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, शिवणाच्या दुकानातल्या मापाच्या वहीत काढते तसं. त्याला शंका आली तर डोकावून बघू दे, तुम्ही मधलं काही गाळत नाही ना ते.

गेले तीन दिवस मी तुझ्या शहरात आहे. तुझ्या घरी आले नाही, कारण आले असते तर तू मला दारातूनच परतीच्या गाडीचं वेळापत्रक ऐकवलं असतंस. फोनवर काय बोलणं झालं ते आठवतं ना? शाळेच्या गणवेशांची घाई नुकतीच संपली होती, हाताशी चार दिवस होते, म्हटलं दादाकडे जाऊन यावं. तर तू म्हणालास, येऊ नकोस. मी तुला घ्यायला येऊ शकत नाही, कुठं नेऊ शकत नाही, मग येऊन करणार काय? मी म्हटलं, बसनं जाऊ दोघं. त्यावर तू हसलास. कितीतरी महिन्यांनी हसलास आणि तेही मला. मग म्हणालास, "या शहरात गाडीशिवाय माणूस म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मी तीन दिवस तुझ्याशिवाय आणि गाडीशिवाय फिरून दाखवते. तूही भरात म्हणालास, "दाखव फिरून. चौथ्या दिवशी मी जिना उतरतो." आणि फोन वहिनींच्या हातात देऊन मोकळा झालास. तुला वाटलं, तुझी ही टाचणी बोलते तेवढी टोचत नाही.

दादा, काचबिंदूनं तुझ्या नजरेच्या दोन्ही बाजू खाल्ल्या, लायसनवाल्यांनी पुढची मुदत द्यायला नकार दिला, टॅक्सी गेली. चव्वेचाळीस वर्षांचं काम एका सकाळी संपलं. हे सोपं नाही, हे मला कळतं. पण त्याला सात महिने झाले आणि तू अजून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेला नाहीस. डॉक्टर सांगतात, समोरचं चांगलं दिसतंय, काठी घ्या आणि खुशाल फिरा. तू मात्र खिडकीत बसून खालच्या टॅक्सीवाल्यांच्या वळणांना नावं ठेवतोस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी फोनवर तुझ्यावर खेकसायचे आणि फोन ठेवला की मशीनवर डोकं टेकून रडायचे. हेही आज सांगून टाकते.

तर फोन ठेवला आणि मी तुझ्या शहराचा नकाशा विकत आणला. दुकानाचं शटर अर्धं ओढून कापायच्या टेबलावर तो पसरला, तर टेबल पुरेना. एवढं ऐसपैस शहर माणसानं वसवावं कशाला? समुद्राच्या कडेकडेनं पसरत गेलंय, एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला उभ्या जन्मात जात नसेल. पण अंग मोठं आणि कापड तोकडं, हे माझ्यासाठी नवं नाही. मोठे तुकडे आधी लावायचे, पाठ, पुढा, बाह्या. कॉलर, खिसे, पट्ट्या मग उरलेल्या जागेत बसतात. तसंच केलं. रोज लांबचं एकच ठिकाण, आणि त्या दिवशीचं बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं. एका दिवसात शहर दोनदा ओलांडायचं नाही, हा कानाला खडा. दोन बसमध्ये अर्ध्या तासाची जागा सोडलेली, शिलाईत सोडतो तशी. आणि लॉज निवडला तो समुद्राकाठचा नाही, तर ट्राम आणि तीन बस जिथं एकत्र येतात त्या चौकातला. खोलीतून दिसतं काय, तर समोरच्या दातांच्या डॉक्टरांची पाटी. पण सकाळी दार उघडलं की सगळं शहर दोन पावलांवर.

पहिला दिवस दक्षिणेकडच्या लांब किनाऱ्याचा. बसला एक तास दहा मिनिटं लागली आणि मी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले. खोटं कशाला बोलू, प्रत्येक थांब्याला मी त्या बिचाऱ्याला विचारत होते, आलं का? पाचव्या वेळेला त्यानं न विचारताच सांगितलं, अजून नाही, मावशी. शेवटी त्यानं मला उतरवलं आणि परतीची बस रस्त्याच्या कुठल्या बाजूनं मिळेल ते खाली उतरून दाखवलं. मी दोन तास वाळूतून चालले, चपला हातात घेऊन. परत आले तेव्हा पायाला फोड आला होता, पण छाती अशी फुगली होती की ब्लाऊजची बटणं ताणली.

दुसऱ्या दिवशी मात्र माझी खोड मोडली. मी नकाशावरचं अंतर टेपनं मोजलं होतं. हसू नकोस. आमच्या धंद्यात दोन ठिपक्यांमधलं अंतर टेपनंच मोजतात. उत्तरेच्या टोकाचं दीपगृह आणि त्याच्या समोरचा जुना जहाजांचा कारखाना यांच्यात नकाशावर दोन बोटांचं अंतर होतं. म्हटलं, पायी जाऊ. मधे निळा रंग होता, पण त्या घाईत तो मला अस्तरासारखा वाटला असावा. दीपगृह बघून टेकडी उतरले, तर पुढे रस्ताच संपला. समोर खाडीचं तोंड, पलीकडे कारखान्याच्या क्रेन स्वच्छ दिसतायत आणि मधे पाणी. थांब्यावरची पाटी वाचली, तर खाडीला वळसा घालून जाणारी बस नुकतीच गेली होती, आणि पुढची अडीच तासांनी. दुपार टळत आली होती. माझी पाचावर धारण बसली.

तिथं मी वीस मिनिटं नुसती उभी होते, दादा. मी, जी दिवसभर लोकांना विचारत असते, सैल हवं की अंगाबरोबर, बाही इथवर की तिथवर, तिला एका अनोळखी माणसाला रस्ता विचारायची लाज वाटली. हातात नकाशा, एकोणसाठ वर्षांची बाई, आणि दोन माणसं समोरून गेली तर मी मुद्दाम क्षितिजाकडे बघत राहिले, जणू काही त्यासाठीच आले होते. आणि तिथं उभ्या उभ्या मला तू समजलास. इतकी वर्षं लोक तुझ्या टॅक्सीच्या खिडकीशी वाकून विचारायचे. या शहरात तू कुणाला कधी रस्ता विचारला नाहीस. डोळे, जिना, काठी हे सगळं खरंच आहे, पण खाली उतरलं की कुणाला तरी विचारावं लागणार, इथंच तुझं घोडं पेंड खातंय. मला हे आधी कळायला हवं होतं. मी उगीच सात महिने तुला आळशी म्हणत राहिले.

शेवटी एका बाईनं माझी सुटका केली. बोटींवर घालायची ताडपत्री मांडीवर घेऊन ती शिवत होती. हातभर दोरा आणि माझ्या करंगळीएवढी सुई. टाका इतका सरळ की मला राहवलं नाही, मी विचारलं, बोटाला टोचत नाही का? तिनं तळहाताला बांधलेला चामड्याचा पट्टा दाखवला. मग कसला दोरा, मेण कुठलं, अशा आमच्या गप्पा सुरू झाल्या, आणि दहा मिनिटांनी रस्ता विचारणं अगदी सोपं होऊन गेलं. ती म्हणाली, बर्फाच्या कारखान्याच्या मागे धक्का आहे, तिथून दर चाळीस मिनिटांनी बोट सुटते. पलीकडे जायला अकरा मिनिटं.

अकरा मिनिटं! तू मला नेहमी सांगायचास, त्या कारखान्याकडे जायचं म्हणजे पाऊण दिवस मोडतो. बरोबरच आहे, टॅक्सी बोटीत चढत नाही. मी बाकावर बसले, बोट हलली आणि मागे वळून बघितलं तर अख्खं शहर एका नजरेत. टेकड्या, दीपगृह, बंदरातल्या क्रेन, मधला तो मोठा घुमट. इतके दिवस मी ते तुझ्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यांनी ऐकत आले, ते सगळं शिवून अंगावर चढवल्यासारखं समोर उभं होतं. मला आनंदानं रडू आलं. शेजारी बसलेल्या गृहस्थांना वाटलं मला बोट लागली, त्यांनी सरळ पिशवी पुढे केली. वहिनी, त्याला विचारा, इतक्या वर्षांत त्यानं आपलं शहर पाण्यावरून कधी पाहिलंय का. मला उत्तर माहीत आहे. आणि हेही ऐक, बोटीत बसल्यावर आजूबाजूला बघावं लागत नाही, सगळं समोरच असतं. येताना मी पुन्हा बोटीनंच आले, आणि काल सकाळी कारण नसताना तिसऱ्यांदा गेले.

कालच्या दिवसाचं थोडक्यात सांगते. बटणांची घाऊक दुकानं असलेली एक गल्ली आहे, इतकी अरुंद की त्यात हातगाडीही आडवी होत नाही. तिथं मी दीड तास घालवला आणि शिंपल्याची बटणं घेतली. एकदा चुकीच्या ट्राममध्ये बसून थेट डेपोत पोचले. ट्राम चालवणाऱ्या बाईनं मला तिथल्या कामगारांबरोबर चहा पाजला आणि परत फिरणाऱ्या पहिल्या ट्राममध्ये बसवून दिलं. ही चूक मी पैजेतून वजा करणार नाही, उलट वरकमाई समजणार आहे. तुझं अर्धं शहर आता मला ओळखतं, दादा. लॉजवाल्यानं काल एका पाहुण्याला बंदराचा रस्ता विचारायला माझ्याकडे पाठवलं, आणि मी बसचा नंबर तोंडपाठ सांगितला.

हे पत्र मी तुझ्या इमारतीसमोरच्या बसथांब्यावर, तुझ्या खिडकीतून दिसणार नाही अशी छपराखाली बसून लिहितेय. वहिनी शेजारीच आहेत. भाजीला जाते म्हणून त्या निघाल्या ते खोटं होतं, आणि मी शहरात आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांच्यावर चिडू नकोस. सात महिने एकटीनं हे सोसलंय त्यांनी. लिहून झालं की त्या वर येतील, तुझ्यासमोर बसतील आणि हे वाचतील.

पण पैज वसूल करायला हे पत्र लिहिलेलं नाही. पैज मी सोडली. हरलेल्या माणसाला ओढून खाली आणण्यात काय मजा आहे? लिहायचं कारण वेगळंच आहे. कालची दुपार मी मुद्दाम मोकळी ठेवली होती. तू एकोणीस वर्षांचा असताना या शहरात आलास, तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि तू मला पत्रात लिहायचास की माझ्या खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो, झोपताना मी जहाजं मोजतो. मी ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवायचे. पुढं कितीतरी वर्षांनी वहिनींच्या तोंडून निसटलं की त्या खोलीला खिडकीच नव्हती. बंदराजवळ दोरखंडाच्या दुकानामागं, एका जिन्याखाली तू दोन वर्षं काढलीस, आणि मला जहाजं पाठवत राहिलास. मी तुला हे कधी बोलले नाही. ती जागा मला बघायची होती. काल चार तास शोधली. टपालवाल्याला विचारलं, वाहतूक पोलिसाला विचारलं, तीन दुकानदारांना विचारलं. सगळे म्हणाले, तो भाग आता पार बदललाय, आम्हाला नाही सांगता येणार, एखाद्या जुन्या टॅक्सीवाल्याला विचारा. मला या शहरात एकच जुना टॅक्सीवाला माहीत आहे. डोळे माझे चांगले आहेत, हात धरायला मी आहे, बस दर वीस मिनिटांनी आहे आणि मला कसलीही घाई नाही. दादा, सांग ना, तिथं कसं जायचं?

तुझीच,
टाचणी